मुतखडा काढायचे उपाय: कुठल्या खड्याला काय करायचं, आणि दुखायचं थांबलं तरी सोनोग्राफी का करायची

आमचे अण्णा तीस वर्षं कंडक्टर होते. ड्युटीवर पाणी कमीच प्यायचे, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि भरलेली गाडी मधेच कुठं थांबवणार. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी ऐन एप्रिलमध्ये डाव्या कुशीत कळ आली, ती अशी की माणूस कॉटवरून खाली, खालून परत कॉटवर, कुठंच बूड टेकेना. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सोनोग्राफीत ८ एमएमचा खडा दिसला, तीन-चार दिवस दुखलं आणि मग एकदम थांबलं. आम्ही सगळे समजलो खडा पडला, आईने तर देवापुढं नारळ फोडला. परत सोनोग्राफी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. अकरा महिन्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं निघालं, मग पुन्हा सोनोग्राफी केली आणि डावी किडनी पाण्याच्या फुग्यासारखी, खडा तिथंच नळीत बसलेला. किडनीचा स्कॅन केला तर ती जेमतेम ९ टक्के काम करत होती. पाठीतून नळी टाकून दीड महिना वाट बघितली, काही फरक नाही, शेवटी काढावी लागली.

त्यानंतर मला स्वतःला दोनदा खडा झाला, एकदा आपोआप पडला आणि एकदा लेझरने काढला, त्यामुळे या विषयात जे जे विचारायचं ते मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. मी डॉक्टर नाही, गोळ्या सांगायला बसलेलो नाही. पण रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं, कुठला उपाय कुठल्या खड्याला, आणि काय विचारल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणायचं नाही, एवढं नक्की सांगू शकतो.

आधी कळ का येते आणि का थांबते ते बघू, कारण सगळा घोळ तिथंच होतो. किडनीतून मूत्राशयापर्यंत लघवी आणणारी नळी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि आतून रुंदी ३-४ एमएम. खडा किडनीत पडून असतो तोवर बहुतेक वेळा काही जाणवत नाही, तो नळीत उतरला आणि अडकला की मागं लघवी तुंबते, किडनी ताणली जाते, आणि त्या ताणाची ती कळ. कुशीतून सुरू होऊन जांघेत उतरते, ओकारी येते, घाम फुटतो. पण काही दिवस नळी तशीच बंद राहिली तर ती किडनी लघवी कमी बनवायला लागते, दाब उतरतो आणि दुखायचं थांबतं. म्हणजे कळ थांबली याचे दोन अर्थ, एक खडा पडला, दुसरा किडनी दमली. यातलं कुठलं खरं ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही.

आता कळ आलीच तर काय करायचं. पहिल्यांदाच येत असेल तर घरी अंदाज बांधू नका, उजवीकडं अपेंडिक्स असू शकतं, बाईची पाळी चुकलेली असेल तर गर्भ गर्भाशयाच्या नळीत राहिलेला असू शकतो, वयस्कर माणसाला पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा त्रास असू शकतो, तेव्हा आधी डॉक्टर. खडा आहे हे माहीत असेल आणि रात्रीची वेळ असेल तर गरम पाण्याची पिशवी कुशीला लावा, खरंच बरं वाटतं. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधं या कळेवर चांगली चालतात, पण ज्याची किडनी आधीच कमजोर आहे, अल्सर आहे, दमा आहे, किंवा जी बाई गरोदर आहे त्यांनी ती मनाने घ्यायची नाहीत, आणि मेडिकलमधून रोज एक इंजेक्शन टोचून घेत आठवडा काढणं तर कुणीच करू नये. आणखी एक, कळ चालू असताना तांब्यावर तांबे पाणी ढोसून खडा ढकलला जात नाही. उलट तुंबलेल्या किडनीवर जास्त लघवीचा ताण येतो आणि उलटी होते ती वेगळीच. तहान लागेल तेवढं प्या, बाकीचं पाणी कळ गेल्यावर.

थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. खडा अडकलेला आणि वर ताप, म्हणजे तुंबलेल्या लघवीत पू झालेला असू शकतो आणि तो रक्तात गेला तर काही तासांत जिवावर बेततं. अशा वेळी डॉक्टर खडा काढायच्या मागं लागत नाहीत, आधी तुंबलेलं मोकळं करतात, नळीत स्टेंट, म्हणजे आत ठेवायची मऊ बारीक नळी, टाकून किंवा पाठीतून किडनीत बारीक नळी घालून, आणि खडा नंतर दोन-तीन आठवड्यांनी काढतात. हे ऐकून नातेवाईक चिडतात, "एवढे पैसे घेतले आणि खडा तसाच ठेवला", पण तेच बरोबर असतं. ताप सोडून आणखी कधी पळायचं तर लघवी पूर्ण बंद झाली तर, एकच किडनी असलेल्या माणसाला कळ आली तर, आणि उलट्यांमुळे पोटात पाण्याचा थेंब टिकत नसेल तर. अण्णांना आता एकच किडनी आहे, त्यांना नुसतं कुशीत टोचलं तरी आम्ही गाडी काढतो.

मग रिपोर्ट. लोक फक्त एमएमचा आकडा वाचतात आणि तेवढाच शेजाऱ्याला सांगतात. चार गोष्टी बघायच्या असतात. साइज, जागा, किडनीला सूज आहे का, आणि क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी काय म्हणते. यातली जागा फार महत्त्वाची. रिपोर्टात पीयूजे लिहिलं असेल तर खडा किडनीच्या अगदी तोंडाशी आहे, अप्पर युरेटर म्हणजे नळीचा वरचा भाग, व्हीयूजे म्हणजे मूत्राशयाच्या दारात येऊन थांबलाय. व्हीयूजेचा ६ एमएम आणि पीयूजेचा ६ एमएम यात फार फरक, पहिला बहुतेक वेळा घरच्या रस्त्याला लागलेला असतो, दुसऱ्याला अख्खी नळी उतरायचीय. लोअर कॅलिक्स म्हणजे किडनीचा खालचा कप्पा, तिथला खडा फोडला तरी चुरा खाली बसून राहतो, हे पुढं उपाय ठरवताना लागणार आहे. आणि हायड्रोनेफ्रोसिस हा शब्द दिसला की किडनीला सूज आहे, म्हणजे मागं तुंबलंय. मायल्ड असलं तरी ते "थोडंसंच आहे" म्हणून सोडायचं नाही, परत तपासायचं.

सोनोग्राफीचे पण काही दोष आहेत. नळीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या गॅसमुळं दिसत नाही, आणि बारीक खडा मोजताना तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. म्हणून ऑपरेशन ठरवायच्या आधी डॉक्टर बहुतेक वेळा साधा सीटी, म्हणजे रंगाचं इंजेक्शन न देता केलेला सीटी केयूबी सांगतात. खडा शोधायला त्याच्यासारखी पक्की तपासणी नाही, आणि खडा किती टणक आहे याचा आकडा पण त्यात मिळतो, एचयू म्हणतात त्याला. एक्स-रेमध्ये युरिक अ‍ॅसिडचे खडे दिसतच नाहीत, म्हणून "एक्स-रे क्लिअर आहे" यावर निर्धास्त होऊ नका. गरोदर बाईला सीटी करत नाहीत, तिथं सोनोग्राफीच.

एक वेगळी गोष्ट, नेहमीच्या चेकअपला सोनोग्राफीत "किडनीत ३ एमएमचा कण" असं येतं आणि माणूस घाबरून जातो. दुखत नाही, सूज नाही, लघवीत इन्फेक्शन नाही, तर त्याला ऑपरेशन लागत नाही. पाणी वाढवायचं, मीठ कमी करायचं आणि वर्षाने परत बघायचं. पाठ दुखते म्हणून त्या ३ एमएमला दोष देऊ नका, किडनीत शांत बसलेला बारीक कण पाठ धरून ठेवत नाही.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे वाट बघणं, आणि तो पण उपायच आहे, पण मुदत ठरवून. ५ एमएमपर्यंतचे खडे साधारण तीनातले दोन आपोआप पडतात, ५ ते १० एमएममधले जवळपास निम्मे, आणि १० च्या वरचा आपोआप पडेल ही आशा धरू नका. खडा जितका खाली उतरलेला तितकी आशा जास्त. नळीच्या खालच्या भागात ५ ते १० एमएमचा खडा असेल तर टॅम्सुलोसिनसारखी गोळी देतात, ती नळी सैल करते. मला तीच दिली होती, खडा ७ एमएमचा, नळीच्या खालच्या टोकाला. रात्री झोपताना घ्यायची आणि सकाळी एकदम उठायचं नाही, कॉटच्या काठावर जरा बसून मग उठायचं, नाहीतर बीपी उतरून भोवळ येते. पुरुषांनी आणखी एक लक्षात ठेवा, या गोळीने संबंधाच्या वेळी वीर्य कमी येतं किंवा बाहेर येतच नाही, गोळी बंद केली की पूर्ववत होतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी उगाच आठवडाभर काळजीत होतो.

वाट बघायची ती किती, तर दर दोन आठवड्यांनी तपासणी आणि चार ते सहा आठवडे ही शेवटची हद्द, त्यापुढं नळीत अडकलेला खडा ठेवायचाच नाही. दुखत नसलं तरी नाही. अण्णांचं नेमकं इथंच चुकलं, कुणी तारीखच दिली नव्हती आणि आम्ही विचारली पण नव्हती. तेव्हा "वाट बघू" असं डॉक्टर म्हणाले की लगेच विचारा, "परत सोनोग्राफी कुठल्या तारखेला?"

या दिवसांत लघवी गाळायची. मी पाच-पंचवीस रुपयांची प्लॅस्टिकची चहाची गाळणी आणली, आत जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा बसवला आणि ती बाथरूममध्येच खिळ्याला अडकवून ठेवली, घरात सांगून टाकलं की ही स्वयंपाकघरात येता कामा नये. एकोणिसाव्या दिवशी पहाटे लघवी मधेच अडली, जोर केला तर टचकन काहीतरी टोचून गेलं आणि गाळणीत बारीक आवाज झाला. बघितलं तर तपकिरी, काटेरी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. तो धुऊन वाळवून औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि लॅबला दिला. खडा मिळाला तर फेकू नका, दाखवायला पाकिटात घालून फिरू पण नका, त्याची तपासणी करून घ्या, कारण कशाचा आहे ते कळलं तर पुढचा टाळायचा कसा ते कळतं. आणि खडा हातात मिळाला तरी मी नंतर सोनोग्राफी केली, मागं दुसरा नाही ना हे बघायला.

एका जातीचा खडा मात्र औषधाने खरोखर विरघळतो, तो युरिक अ‍ॅसिडचा. लघवीचा आम्लपणा कमी केला, म्हणजे पीएच साडेसहा ते सातच्या दरम्यान ठेवला तर काही आठवडे ते काही महिन्यांत तो गळून जातो, त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट देतात आणि पीएच पट्टीवर बघत राहतात. पण बहुतेकांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, साधारण शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांचा, आणि तो कुठल्याच औषधाने विरघळत नाही. म्हणून "खडा विरघळवण्याचं सिरप" मेडिकलमधून आणून वर्षभर पिऊ नका. किडनी कमजोर असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना पोटॅशियम सायट्रेटने रक्तातलं पोटॅशियम वाढून हार्टला धोका होतो, आणि इन्फेक्शनमुळे झालेल्या खड्यात तर उलटा परिणाम होऊ शकतो.

घरगुती उपायांचं विचाराल तर मी कुणाला हसणार नाही, अण्णांना आईने कुळथाचं कढण दोन महिने दिलं होतं. कुळीथ खा, पिठलं करा, माडगं करा, चांगलंच आहे, त्यात पाणी पोटात जातं हा फायदाच. पानफुटीची पानं, गोखरू, केळीच्या खोडाचा रस, सगळ्यांचे अनुभव ऐकलेत. पण ज्यांचा ४ एमएमचा खडा पानफुटीने पडला त्यातल्या बहुतेकांचा तसाही पडला असता, आणि ज्यांचा नाही पडला ते सांगत फिरत नाहीत. उपाय करायचाय तर करा, फक्त त्या नादात तपासणीची तारीख चुकवू नका. बीअरचं म्हणाल तर लघवी होते खरी पण युरिक अ‍ॅसिड पण वाढतं, आणि कळ आलेल्या माणसाला बीअर पाजणं हा निव्वळ अघोरीपणा आहे.

खडा आपोआप पडणार नसेल तर काढायचे तीन मुख्य मार्ग आहेत. बाहेरून फोडणं, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालणं, आणि पाठीतून छिद्र पाडणं.

बाहेरून फोडणं म्हणजे लिथोट्रिप्सी. याची सुरुवात १९८० साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये झाली, आणि मजा म्हणजे ते मशीन बनवलं डॉर्नियर या विमानं बनवणाऱ्या कंपनीने, आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाच्या थेंबांचा काय परिणाम होतो हे बघता बघता त्यांना धक्क्यांच्या लहरी हाताळता आल्या. तेव्हा पेशंटला पाण्याच्या टबात बसवायचे, आता टेबलावर झोपवून कुशीला जेल लावून मशीन टेकवतात. दोन-अडीच हजार ठोके, पाऊण ते एक तास, कापाकापी नाही, बऱ्याचदा भूल पण लागत नाही आणि संध्याकाळी घरी. ऐकायला सगळ्यात सोपं. पण हे कुणाला लागू पडतं ते नीट बघा, किडनीतला खडा साधारण दीड-दोन सेंटीमीटरच्या आतला, फार टणक नसलेला म्हणजे एचयू हजाराच्या आत, माणूस फार जाड नसलेला, आणि खडा खालच्या कप्प्यात नसलेला. यात बसत नसाल तर दोन-तीन वेळा ठोके खाऊन परत दुर्बिणीकडंच यावं लागतं, आणि तेव्हा लोक म्हणतात मशीनने फसवलं. चुरा पडताना कळा येतात, लघवी लाल होते, आणि कधी कधी चुऱ्याची नळीत रांग लागून ती तुंबते, म्हणून नंतरची तपासणी सोडायची नाही. गरोदरपणात हे चालत नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचंच, आणि त्या बंद करायच्या की नाही हे हार्टच्या डॉक्टरांना विचारून, मनाने नाही.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. लघवीच्या जागेतून वर जातात, बाहेर एक टाका नाही. नळीतला खडा असेल तर सरळ दुर्बिणीने काढतात, त्याला यूआरएस म्हणतात, आणि नळीच्या खालच्या भागातल्या खड्याला हा सगळ्यात खात्रीचा उपाय. किडनीतला असेल तर वाकणारी दुर्बीण लागते, ते आरआयआरएस, आत बारीक तारेतून लेझर जातो आणि खड्याची पावडर करतो. साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतच्या खड्याला चालतं. माझा दुसरा खडा १४ एमएमचा, खालच्या कप्प्यात, टणक, त्यामुळं ठोके मला लागूच नव्हते, आरआयआरएस झालं. दुसऱ्या दिवशी घरी आलो.

यात दोन गोष्टी आधी माहीत असल्या तर मनस्ताप वाचतो. एक म्हणजे काहींची नळी इतकी अरुंद असते की दुर्बीण वर जातच नाही. मग डॉक्टर जोर करत नाहीत, स्टेंट टाकून परत पाठवतात, दोनेक आठवड्यांत नळी सैल होते आणि मग खडा काढतात. माझं तसंच झालं. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्यावर "खडा अजून आतच आहे" हे ऐकून बायको रडायला लागली होती, पण अरुंद नळीत जबरदस्ती केली तर नळी फाटते, तेव्हा थांबणारा डॉक्टर चांगला समजा. दुसरी म्हणजे लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का आणि कुठले ही तपासणी. ऑपरेशनच्या आधी ते झालंच पाहिजे आणि इन्फेक्शन असेल तर आधी त्याचं औषध, कारण इन्फेक्शन असताना आत पाणी सोडून लेझर मारला तर जंतू रक्तात जातात. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढं थांबा, घाई करू नका.

तिसरा मार्ग पीसीएनएल. १९७६ साली स्वीडनमध्ये हे पहिल्यांदा केलं, तोवर मोठ्या खड्याला कूस फाडायची वेळ यायची. आता पाठीत साधारण सेंटीमीटरभर छिद्र, मिनी पीसीएनएल असेल तर त्याहून बारीक, सी-आर्म या एक्स-रे मशीनवर बघत सुई थेट किडनीत, मग त्या वाटेने दुर्बीण घालून खडा फोडून तुकडे बाहेर ओढतात. दोन सेंटीमीटरच्या वरचा खडा, किंवा हरणाच्या शिंगासारखा सगळ्या कप्प्यांत पसरलेला असेल तर हेच करायचं. पाठीत भोक म्हटलं की लोक घाबरतात आणि तीन सेंटीमीटरच्या खड्याला पण "लेझरनेच करा" म्हणून हटून बसतात, मग आरआयआरएस दोन-तीन बैठका करून पण तुकडे राहतात. मोठ्या खड्याला एका बैठकीत सगळ्यात जास्त साफ याच मार्गाने होतं. धोका रक्तस्रावाचा, क्वचित रक्त चढवावं लागतं. दोन-तीन दिवस दवाखान्यात, कधी पाठीला नळी असते ती एक-दोन दिवसांत काढतात. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे जड उचलायचं नाही, पाण्याची घागर नाही, पोतं नाही, मोटरसायकलवर शेतातल्या वाटेने जायचं नाही, आणि मधेच लघवी गडद लाल होऊन गाठी पडायला लागल्या तर तसंच उलट दवाखान्यात, कारण आठ-दहा दिवसांनी पण रक्त सुरू होऊ शकतं.

पोट उघडून ऑपरेशन आता फार क्वचित लागतं.

डीजे स्टेंटबद्दल जरा जास्त लिहितो. ही मऊ, बारीक नळी असते, एक वेटोळं किडनीत आणि दुसरं मूत्राशयात, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सूज आली तरी लघवी वाहती राहावी म्हणून ठेवतात. ती आत असेपर्यंत त्रास होतो हे आधीच समजून घ्या. दर तासाला लघवीला लागतं, लघवी करताना कुशीत मागं ढुशी मारल्यासारखं होतं कारण लघवी नळीतून वर पण जाते, जिना चढलं किंवा जास्त चाललं की लघवी गुलाबी होते. हे सगळं नेहमीचं, घाबरायचं नाही, गोळ्या मिळतात त्याने कमी होतं. थंडी-ताप, किंवा लघवी टोमॅटोच्या सारासारखी लाल, हे मात्र नेहमीचं नाही, तेव्हा दवाखाना. काढताना भूल लागत नाही, जेल लावून पाच मिनिटांत काढतात, माझ्या वेळी मी नर्सबाईंशी बोलत होतो तोवर झालं पण.

खरी भीती आहे ती स्टेंट विसरायची. ऑपरेशन झालं, दुखायचं थांबलं, माणूस शेतीच्या कामाला लागला, आणि स्टेंट आत सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. त्याच्यावरच खडे चढतात, तो आतच चिकटतो, तुटतो, मग एका नळीसाठी दोन-तीन ऑपरेशनं आणि कधी कधी किडनी पण जाते. साध्या स्टेंटची मुदत बहुतेक वेळा तीन महिन्यांपर्यंत, आणि तुमचा बहुधा दोन-चार आठवड्यांतच काढायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून घ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनाने गोल करा, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये रिमाइंडर लावा, पेशंटच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका.

पैशाचं आधीच स्पष्ट बोला, लाजू नका. पॅकेज सांगितलं की विचारा की त्यात लेझरचा चार्ज आहे का, स्टेंट आहे का, स्टेंट काढायचे वेगळे पडणार का, आणि एका बैठकीत नाही झालं तर दुसऱ्या वेळचं काय. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याची ऑपरेशनं बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांच्याकडं रेशन कार्ड आणि आधार घेऊन अ‍ॅडमिट व्हायच्या आधी जा, डिस्चार्जच्या वेळी नाही. जुने सगळे रिपोर्ट आणि सीटीची फिल्म किंवा सीडी एका पिशवीत ठेवा, दुसरं मत घ्यायला जाताना नुसता मोबाइलमधला फोटो चालत नाही.

काढला म्हणजे संपलं असं नाही, एकदा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत परत होतो. मला झालाच. पाणी किती प्यायलो यापेक्षा लघवी किती झाली ते मोजा, दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला पाहिजे. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, उन्हात काम करणाऱ्याने तीन लिटर पाणी प्यायलं तरी अर्धं घामात जातं. बोअरचं पाणी की आरओचं यावर लोक भांडतात, पण पाणी कुठलं यापेक्षा किती हे जास्त महत्त्वाचं. आणि बाजारात, शेतात, बसस्टँडवर लघवीला जागा नाही म्हणून दिवसभर कोरड्या घशाने राहणाऱ्या बायका मी रोज बघतो, त्यांना "पाणी प्या" एवढं सांगून भागत नाही, निदान घरातून निघताना आणि घरी आल्या आल्या दोन-दोन ग्लास तरी प्या, रात्री झोपताना एक.

खाण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे दूध बंद करणं. खडा कॅल्शियमचा म्हणून लोक दूध-दही सोडतात, आणि होतं उलटं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते संडासवाटे जातं, कॅल्शियम नसेल तर ते ऑक्झलेट लघवीत उतरतं. म्हणून जेवताना ताक किंवा दही घ्या. टोमॅटो आणि वांग्याच्या बियांनी खडा होतो हे पण खरं नाही, बिया पोटातून किडनीत जात नाहीत. पालक आणि अळू यांत मात्र ऑक्झलेट भरपूर, कायमचे सोडू नका पण रोज नको, आणि खाल तेव्हा सोबत दही. कमी करायचं ते मीठ, कारण मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. पापड, लोणचं, फरसाण, सुकट, ठेचा, यांची बेरीज करून बघा. लिंबू चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा जमू देत नाही, पण साखर-मीठ घातलेलं सरबत नको, नुसतं पाण्यात पिळा. मटण, वजडी रोजची असेल तर आठवड्यावर आणा. व्हिटॅमिन सीच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या ताकदीसाठी म्हणून रोज घेत असाल तर बंद करा.

दुसऱ्यांदा झाला असेल, लहान मुलाला झाला असेल किंवा दोन्ही किडन्यांत असतील तर चोवीस तासांच्या लघवीची तपासणी करून घ्या, पण ऑपरेशन झाल्यावर लगेच नको, स्टेंट काढून महिना-दीड महिना झाला, जेवणखाण नेहमीचं सुरू झालं की मग. लॅबवाले पाच लिटरचा कॅन देतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, घड्याळ बघून वेळ लिहायची, मग दिवसभराची आणि रात्रीची सगळी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी कॅनमध्ये धरायची. त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका, रोजचं जे आहे तेच करा. माझी पहिल्यांदा भरली ती ९०० मिली. डॉक्टरांनी कॅन हलवून बघितला आणि गोळीची चिठ्ठी लिहायच्या आधी कागदावर २५०० लिहून त्याला गोल केला, तो कागद फ्रिजवर लावलाय.